सोळा वर्षांखाली इन्स्टाग्राम बंदच करायचं का? ठाणे-नवी मुंबईच्या पालकांसाठी चर्चा

खारघर_समुपदेशक

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची खाती रोखायची जबाबदारी कंपन्यांवर आली आहे. कसूर झाली तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. आपल्याकडच्या पालकसभांतही आता तीच मागणी ऐकू येते. माझा तिला विरोध आहे. बंदीने खातं जाईल, पण फोन हातातच राहील.

त्याआधी एक गोष्ट आज रात्रीच तपासा: मुलाच्या खात्यावरची जन्मतारीख. फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामची 'टीन अकाउंट्स' भारतात आहेत. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प असतात. १६ वर्षांखालच्या मुलाला यातली सेटिंग्ज सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं जन्मतारखेवर उभं आहे. खात्यासाठी किमान वय १३, म्हणून पाचवी-सहावीतल्या मुलाने २००३ साल टाकलेलं असतं. आता तो नववीत आहे आणि कंपनीच्या लेखी पदवीधर! त्याला मोठ्या माणसाचंच फीड मिळतं. सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स या वाटेने गेलं की तारीख दिसते. मुलाला शेजारी बसवून ती दुरुस्त करा. त्याच्या पाठीमागे फोन उघडून केलंत, तर दुसऱ्या दिवशी दुसरं खातं तयार.

वर्तकनगर_शिक्षिका

सर, दुसरं खातं आधीच तयार असतं. मुलं त्याला 'स्पॅम' म्हणतात. खरं नाव नाही, फोटो एखाद्या कार्टूनचा, आत फक्त वीस-तीस जवळचे. पहिल्या खात्यावर गणपतीतले फोटो आणि आत्याच्या कमेंट. रडू, राग, एखादीची उणीदुणी, हे सगळं स्पॅमवर. तुम्ही तारीख दुरुस्त करता ती पहिल्या खात्याची.

एका घराने सेटिंग्ज लावून भागत नाही, याचं कारण वर्ग आहे. गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस कुठे, क्लासची वेळ बदलली का, वाढदिवसाला कुणाकडे जमायचं, हे सगळं इन्स्टाच्या ग्रुपमध्ये ठरतं. जिच्याकडे खातं नाही ती एकटी पडते. म्हणून नाइलाजाने प्रत्येक घर खातं उघडू देतं. असा गुंता एकेका घराने सुटत नाही, त्याला सगळ्यांना सारखा लागू होणारा नियमच हवा.

आणि कंपनीला हे माहीत नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. हा कंपनीचाच अभ्यास होता. मग सकाळी ट्रान्स-हार्बरने निघून रात्री नऊला ऐरोलीत परतणाऱ्या आईवरच पहाऱ्याचं काम का टाकायचं?

नेरूळ_डेटा

आकड्यांबद्दल थोडं. २०१९ मध्ये ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरांची माहिती तपासली. मुलांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्का भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. उलट २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख आरोग्य सल्लागार, विवेक मूर्ती यांनी इशारा दिला, की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वापर असलेल्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो. दोन्ही खरं असू शकतं. सरासरीत तासभर क्रिकेटच्या क्लिप बघणारा मुलगाही येतो आणि रात्री दोनला वजन कमी करण्याचे रील बघणारी मुलगीही.

तिचं फीड बिघडतं कसं, ते बघा. लाइक करावंच लागत नाही. रील शेवटपर्यंत पाहिलं, परत पाहिलं, मैत्रिणीला पाठवलं, या सगळ्याची नोंद होते. 'आठ दिवसांत पोट सपाट' अशा तीन-चार रीलवर ती रेंगाळली, की पुढे तशीच येत राहतात. तिला वाटतं, सगळं जग हेच करतंय. यावर इन्स्टाच्या कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करायची सोय आहे. पण ज्यांना ती फॉलो करते ती खाती तशीच राहतात, म्हणून तीही त्याच वेळी चाळायची. नंतर नको असलेलं रील आलं की लगेच वर न सरकवता 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं. यूट्यूबवर वॉच हिस्टरी पुसून बंद केली की मुख्य पानावरच्या शिफारशी जवळजवळ जातात. एवढंच केलं तरी फरक पडू शकतो.

कळवा_बालरोग

माझ्या लेखी सगळ्यात मोठं नुकसान झोपेचं आहे. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. या वयात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा स्रवतं, त्यामुळे मुलांना झोपच उशिरा येते. सकाळची शाळा, पावणेसहाला उठायचं, म्हणजे पावणेदहाला दिवा बंद व्हायला हवा. इन्स्टाचा 'स्लीप मोड' दहाला सुरू होतो आणि तो फक्त नोटिफिकेशन थांबवतो. स्क्रोल करणं चालूच राहतं.

म्हणून फोन साडेनऊला हॉलमध्ये चार्जिंगला, आईबाबांचेसुद्धा. उठायला साधं गजराचं घड्याळ. अँड्रॉइडवर गूगलच्या फॅमिली लिंक अॅपमध्ये डाउनटाइम, म्हणजे फोन बंद राहण्याची वेळ, लावता येतो. हे फसतं कुठे, तर कपाटातल्या जुन्या फोनमध्ये. सिम नसतं, पण वायफाय चालतं. राउटरमध्ये जाऊन त्या फोनचं वायफायही रात्री बंद करा. पहिले काही दिवस चिडचिड होणारच, तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नका.

पण दोन आठवडे सलग उदासी, जेवण तुटणं, मित्र सोडणं, मे महिन्याच्या उकाड्यातही लांब बाह्या घालणं, असं दिसलं तर तो फोनचा प्रश्न समजू नका. तेव्हा फोन एकदम हिसकावणं धोक्याचं आहे. तो कदाचित त्याचा शेवटचा धागा असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणून तिथे जायचं टाळू नका.

वर्तकनगर_शिक्षिका

डॉक्टर, झोपेचं पूर्ण मान्य. पण झोप नीट झाली तरी आरसा उरतोच. फिल्टर रंग उजळ करतो, नाक बारीक करतो, जबडा निमुळता करतो. पूर्वी मुलगी स्वतःची तुलना नटीशी करायची, आता स्वतःच्याच फिल्टर लावलेल्या चेहऱ्याशी करते. आणि तो चेहरा कॅमेरा बंद केला की रोज हरवतो. चौदाव्या वर्षी मुलं वेगवेगळी माणसं होऊन बघतात, तेच त्यांचं वय. पण त्या प्रत्येक प्रयोगावर लाइकचा आकडा चिकटला, तर आवडणारं मागे पडतं आणि चालणारं उरतं.

कायदाही अर्धा आपल्याकडे आहेच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. त्याच्या वागण्याचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई आहे, दंड २०० कोटींपर्यंत आहे. त्याची अंमलबजावणी मागणं म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे.

खारघर_समुपदेशक

ताई, कंपन्यांवरच्या दंडाला माझा पूर्ण पाठिंबा. अडतं ते १६ च्या रेषेवर. तोतरं बोलणारा मुलगा किंवा आपण समलिंगी आहोत हे नुकतंच कळू लागलेली मुलगी यांच्यासारखं इमारतीत कुणी नसतं. त्यांना आपल्यासारखी माणसं तिथेच भेटतात.

दुसरी भीती ब्लॅकमेलची. खातंच बेकायदा असेल, तर फोटोवरून कुणी धमकावलं तरी मूल घरी सांगणार नाही. आज निदान सांगता येतं: पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा सांकेतिक ठसा तयार होऊन तेवढाच पाठवला जातो.

मात्र वर्गाचा गुंता तुम्ही सांगितलात तो माझ्याकडून सुटला होता. तिथे एकट्या घराचं चालत नाही, हे खरं.

वर्तकनगर_शिक्षिका

बंदीची मागणी मी सोडत नाही. पण कायदा होईपर्यंत थांबायचंही नाही. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत एका तुकडीच्या पालकांनी मिळून दोनच गोष्टी ठरवाव्यात: साडेनऊनंतर कुणाचाच फोन मुलाच्या खोलीत नाही, आणि गॅदरिंग, क्लास, सहल यांचे निरोप इन्स्टावर नाहीत, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. नववीत हे सुरू केलं तर उशीर होतो, खाती तोवर झालेली असतात. सहावीपासून करा.