'श्यामची आई': आपल्या वनमालाबाईंनी पुस्तकावर मात केली का?

बाड्यावरचा: काल ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका लग्नाच्या पंगतीत परत तेच ऐकलं, "पुस्तक राहू दे हो, आमच्या वनमालाबाईंची आई बघा!" वनमालाबाई जिच्यात आई झाल्या त्या अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, कबूल. बाई ग्वाल्हेर संस्थानातल्या बड्या अधिकाऱ्याची लेक, त्याचा अभिमानही कबूल. माझं घोडं तिथेच अडतं. कर्जात बुडालेल्या पालगडच्या घरातली बाई इतकी रुबाबदार? पुस्तकात सावकाराच्या माणसाची बोलणी वाचताना पोटात तुटतं. पडद्यावर माझं लक्ष आधी चेहऱ्याकडे जातं. 'सिकंदर' चित्रपटाची हीच नायिका विसरायची कशी?

दाणाओळीची मावशी: अरे, पुस्तक पुन्हा वाच. ते घर खोतांचं. आजोबांच्या वेळी भरलेलं, मग उतरत गेलेलं. त्या माउलीला उपासापेक्षा पत गेल्याचं जास्त लागलंय. तो रुबाब उसना नाही, उरलेला आहे. संस्थानं गेल्यावर आपल्याच गल्लीत जरीची लुगडी मोडून फिया भरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ताठ मानेनं दारात उभ्या राहायच्या. वनमालाबाईंनी तेच केलं.

कंदील: चेहऱ्याचं सोडा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत हे पुस्तक लिहिलं आणि बेचाळीस 'रात्रीं'त, म्हणजे प्रकरणांत, विभागलं. आमची आजी रोज एकच रात्र वाचायची. दुसरी मागितली की दिवा मालवायची. मधल्या दिवसात ती गोष्ट आपल्यात मुरायची. चित्रपट एका बैठकीत संपतो आणि वर गाणी. मुरायला वेळ कुठे?

हजिऱ्याचा पोट्टा: खरं सांगून राहिलोय, चिडू नका. मी पुस्तक अर्ध्यात सोडलं. श्याम फार रडतो. वर प्रत्येक रात्री उपदेश! चित्रपट मात्र आईबरोबर पूर्ण पाहिला. 'भरजरी गं पितांबर' लागलं तेव्हा आई उठून आत गेली, पोळ्या करायच्यात म्हणे. कणीक तर भिजवलेलीच नव्हती. सांगा, हे पुस्तकानं झालं असतं?

कंदील: @पोट्टा, गाणं आशाबाईंचं, चाल वसंत देसाईंची. त्यात कादंबरीचं काय? पोहायला घाबरणाऱ्या पोराला शिंपटीनं फोडून काढणारी आणि मग जवळ घेऊन समजावणारी आई तू सोडलेल्या पानांत आहे का बघ. ती गोड नाही. मला तीच हवी.

बाड्यावरचा: मावशी, पत गेल्याचं पटलं. रात्री पुस्तक काढून तेवढा भाग परत वाचला, तुम्ही म्हणता तसंच आहे. रुबाबाबद्दलची तक्रार मागे. पण 'छडी लागे छमछम'ला मी सूट देणार नाही. ते अत्र्यांच्यातल्या मास्तराचं गाणं, गुरुजींचं नव्हे.

दाणाओळीची मावशी: गुरुजीसुद्धा मास्तरच होते रे, अमळनेरला!