स्कोपसवर एच-इंडेक्स फक्त ३ दाखवतंय, टॅक्सॉनॉमीवाल्यांनी करायचं काय?

सडाफूल:
नमस्कार मंडळी. मी कोकणात एका कॉलेजला बॉटनी शिकवते, ११ वर्षं झाली. काम टॅक्सॉनॉमीचं म्हणजे वनस्पती ओळखून त्यांचं वर्गीकरण करायचं, त्यातही कंदीलपुष्पं म्हणजे सेरोपेजिया आणि सड्यावरच्या म्हणजे कातळाच्या पठारावरच्या बारक्या वनस्पती. पावसाळा आला की सुट्टीच्या दिवशी सडे तुडवायचे, नमुने दाबायचे, हर्बेरियम शीट करायच्या म्हणजे वाळवलेले नमुने कागदावर चिकटवून नोंदवायचे, आणि मग जुन्या फ्लोरा म्हणजे एकेका प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं असलेली पुस्तकं उघडून जुळवत बसायचं. एक प्रजाती नक्की करायला मला तीन पावसाळे लागलेत कारण पहिल्या वर्षी फूल मिळालं तर फळ नाही, दुसऱ्या वर्षी गुरांनी खाल्लं.

मागच्या महिन्यात प्रमोशनची मुलाखत झाली. पॅनेलमधल्या एकांनी फाईल उघडलीच नाही, सरळ विचारलं एच-इंडेक्स किती, म्हणजे पेपर किती आणि ते दुसऱ्यांनी किती वापरले याचा मिळून एक आकडा. स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसवर ३ आहे, तेच सांगितलं. माझ्या आधी केमिस्ट्रीचे सर होते त्यांचा १९. मग "११ वर्षांत एवढंच?" असं ऐकावं लागलं आणि मला तिथे उत्तरच देता आलं नाही, घरी येईपर्यंत डोळ्यात पाणी होतं.

गुगल स्कॉलरवर माझा ६ येतो. ११ पेपर आहेत, सायटेशन्स म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ अशी: ३१, १४, ११, ९, ८, ६, ४, ३, १ आणि दोन पेपरना शून्य. मग एकीकडे ६ आणि एकीकडे ३ कसं? खरा कुठला धरायचा? आणि केमिस्ट्रीशी माझी तुलना करणं बरोबर आहे का, की माझंच काम कमी पडतंय? खरं सांगा, वाईट वाटणार नाही.

वाचनखोली:
ताई, मी कॉलेज लायब्ररीत आहे, हे प्रश्न माझ्याकडे आठवड्याला येतात. आधी हिशोब बघू. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. तुमच्या सहाव्या पेपरला ६ आहेत, सातव्याला ४ च, म्हणून ६ वर थांबलं. म्हणजे किमान ६ सायटेशन असलेले ६ पेपर. त्या ३१ वाल्या पेपरला उद्या ३०० झाले तरी एच-इंडेक्स ६ च राहणार, हे लक्षात ठेवा.

स्कॉलर आणि स्कोपसमधला फरक असा की स्कॉलर इंटरनेटवर जे सापडेल ते मोजतं, पीएचडीचे थिसिस, कॉन्फरन्सचे पेपर, पुस्तकं, प्रीप्रिंट सगळं. स्कोपस स्वतः निवडलेल्या जर्नल्स, पुस्तकं आणि कॉन्फरन्सपुरतंच बघतं. तुमच्या क्षेत्रात बरंच काम जिल्ह्याच्या फ्लोरा, रिपोर्ट, छोट्या जर्नल्स यात असतं, ते तिथे दिसतच नाही. त्यामुळे स्कोपसवर कमी येणार हे नक्की, पण ६ चा एकदम ३ म्हणजे मला वेगळीच शंका येतेय. लग्नानंतर नाव बदललंत का? आपल्याकडे बाईचं आडनावही बदलतं आणि मधलं नावही, वडिलांच्या जागी नवऱ्याचं. स्कोपसला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात आणि दोन प्रोफाईल तयार होतात. पाटील एस, जाधव ए असल्या नावांचं तर विचारूच नका, दहा जणांचे पेपर एकाच्या खात्यात पडलेले मी स्वतः पाहिलेत. जुन्या नावाने सर्च करून बघा आणि इथे आकडे टाका.

स्फटिक:
मी जर्मनीत क्रिस्टलोग्राफीत म्हणजे स्फटिकांची रचना शोधायच्या शास्त्रात पीएचडी करतोय, मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे सडा म्हटल्यावर थांबलोच.

ताई तुलना अजिबात बरोबर नाही, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये. ज्यांनी हा एच-इंडेक्स काढला ते होर्हे हिर्श, कॅलिफोर्नियातले फिजिक्सचे प्रोफेसर, त्यांनी २००५ च्या त्या पेपरातच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या विषयांत आकडे वेगळे येतात, एका आकड्यावरून माणसाच्या कामाचं फक्त ढोबळ चित्र मिळतं आणि नेमणुकीबिमणुकीसारख्या निर्णयात बाकीच्या गोष्टी बघायलाच हव्यात. केमिस्ट्रीत माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरच्या शेवटी संदर्भ भरपूर, मग सायटेशन्सही भरभर साठतात. सेरोपेजियावर काम करणारी माणसं जगात आहेत किती?

इम्पॅक्ट फॅक्टरचं तर याहून वाईट आहे. तो जर्नलचा आकडा, माणसाचा नाही. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरना यंदा किती सायटेशन्स आली भागिले त्या दोन वर्षांतले पेपर, एवढंच. आमच्या क्षेत्रातलंच उदाहरण देतो. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए नावाचं जर्नल, इम्पॅक्ट फॅक्टर साधारण २ असायचा. २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांनी त्यात शेलएक्स या सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिला. क्रिस्टल स्ट्रक्चर सोडवणारा जवळपास प्रत्येक जण ते वापरतो, तो पेपर सगळ्यांनी साईट केला आणि २००९ चा इम्पॅक्ट फॅक्टर झाला ४९.९. एका पेपरमुळे! त्याच अंकांत ज्यांचे साधे पेपर होते त्यांचं काम काही रातोरात २५ पट चांगलं झालं नव्हतं. आणि ही दोन वर्षांची खिडकी तुमच्यासाठी किती अन्यायाची आहे बघा, थिओडोर कुकची मुंबई इलाख्याची फ्लोरा १९०१ ते १९०८ मध्ये आली, ती तुम्ही अजून उघडता ना?

सडाफूल:
रोज उघडते! टेबलावरच असते.

आणि स्फटिक दादा तुमच्यामुळे मनात होतं ते नीट सांगता येतंय आता. आमचं खरं दुखणं असं आहे की प्रजातीचं नाव सगळे वापरतात पण तो मूळ पेपर कुणी साईट करत नाही. सेरोपेजिया सह्याद्रिका हे नाव घ्या, पुढे अन्सारी आणि बी. जी. कुलकर्णी लिहिलेलं असतं, म्हणजे ज्यांनी ती प्रजाती पहिल्यांदा वर्णन केली ते. आता कुणी त्या झाडाचे क्रोमोसोम मोजले, कुणी टिश्यू कल्चर केलं, कुणी संवर्धनाचा प्लॅन लिहिला, तर नाव येणार, नावापुढे त्या दोघांची आडनावंही येणार, पण शेवटच्या संदर्भांच्या यादीत त्यांचा पेपर बहुतेक वेळा नसतो. मग सायटेशन मोजणाऱ्या मशीनला ते दिसत नाही. प्रजाती नक्की झालेली नसती तर पुढचं काम झालंच नसतं.

दप्तर:
मी निवृत्त प्राध्यापक, झूलॉजी. पॅनेलवर बरीच वर्षं बसलोय म्हणून दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका.

आकडे नव्हते तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. कुणाचा विद्यार्थी, कुणाची चिठ्ठी, कुठल्या मोठ्या संस्थेतून आला, यावर ठरायचं. तालुक्याच्या कॉलेजातल्या पोराला दाखवायला काही नसायचं. आकडा आला तेव्हा निदान एक गोष्ट अशी आली की जी बड्या माणसाला फोन करून वाढवता येत नाही. म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणणार नाही.

पण तो विषयाच्या आत आणि वयाच्या आत वापरायचा. टॅक्सॉनॉमीवाल्याला टॅक्सॉनॉमीवाल्याशेजारी ठेवा, तेही साधारण तेवढीच वर्षं काम केलेल्याशेजारी. हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, माणूस निवृत्त झाला तरी वाढतो, माझा वाढतोय.

झूलॉजीतलं सांगतो. झूटॅक्सा हे प्राण्यांच्या वर्गीकरणाचं जगातलं फार मोठं जर्नल. २०२० मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने त्याला इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून बाहेर काढलं, कारण दिलं की जर्नल स्वतःलाच फार साईट करतं. अरे पण नव्या प्रजातींची वर्णनं एवढ्या मोठ्या संख्येने तिथेच छापली जातात, तर नवीन काम करणारा दुसरं साईट करणार कुणाला? जगभरच्या लोकांनी आवाज उठवला आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. तुमच्यासारख्यांनी बोललं की फरक पडतो, म्हणून सांगितलं.

अजून एक. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये नेचर या जर्नलमध्ये दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढले तरी उरलेल्या द्रावणातच विष असतं. केवढा मोठा शोध, पण बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. डे १९८५ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या कामावर सविस्तर लेख लिहिला तो युजीन गारफिल्ड यांनी, ज्यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स काढला आणि इम्पॅक्ट फॅक्टरही ज्यांचा, त्यांनीच! सायटेशन मोजण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला उशिरा मिळालेल्या दादेचं महत्त्व कळत होतं. पॅनेलवाल्यांना हे सांगावंसं फार वाटतं मला.

शून्य_एक:
गणितवाला आहे, आमच्याकडे तर वर्षाला एक पेपर झाला तरी खूप. एकच सांगतो, २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्स बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर पेपर काढला, त्यावर ५१५४ लेखक. ३३ पानांतली २४ पानं लेखकांची नावं आणि संस्था. तो पेपर त्या प्रत्येकाच्या एच-इंडेक्समध्ये एक पूर्ण पेपर म्हणून मोजला जातो. तुमचे सेरोपेजियाचे पेपर किती जणांचे असतात? दोघांचे, तिघांचे. पुढच्या वेळी कुणी आकडा विचारला की लेखक किती होते तेही सांगा.

सडाफूल:
वाचनखोली ताई, तुमची शंका खरी निघाली!! माहेरच्या नावावर वेगळं प्रोफाईल आहे. त्यात पाच पेपर: २२, ६, ४, २, ०. सासरच्या नावावर चार: ९, ७, ५, १. दोन्हीकडे ३-३ च दाखवतंय.

वाचनखोली:
बघा म्हणजे! एकत्र लावा: २२, ९, ७, ६, ५, ४, २, १, ०. पाचव्याला ५ आहेत, सहाव्याला ४, म्हणजे एच-इंडेक्स ५. एकही नवा पेपर न लिहिता. स्कोपसवर प्रोफाईल जोडायची विनंती करायची सोय आहे, पैसे लागत नाहीत. सोबत ऑर्किड आयडी (ORCID, फुलाचं ऑर्किड नव्हे, संशोधकाचा ओळख क्रमांक) काढा, १६ आकडी असतो आणि तोही फुकट. त्यात दोन्ही नावं टाका आणि यापुढे प्रत्येक पेपरवर तोच नंबर द्या, म्हणजे नाव बदललं तरी माणूस एकच राहतो.

आणि फाईलसाठी: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत रिसर्च स्कोअरचा जो तक्ता आहे त्यात गुण पेपरला आणि जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरला आहेत, एच-इंडेक्सला नाहीत. त्याची प्रिंट जवळ ठेवा. दप्तर सर, मुलाखतीत दाखवायला अजून काय न्यावं?

दप्तर:
तीन पेपर निवडा, जास्त नको. प्रत्येकाबद्दल पाच ओळी: काय सापडलं, कुठे सापडलं, टाईप नमुना (ज्याच्यावर प्रजातीचं नाव ठरतं तो) कुठल्या हर्बेरियममध्ये जमा आहे आणि तुम्ही दिलेलं प्रजातीचं नाव वापरून पुढे कुणी काय केलं. सायटेशन नसलं तरी तुमच्या प्रजातीचं नाव ज्या ज्या पेपरात आलंय ते शोधून यादी करा, स्कॉलरवर नाव अवतरणचिन्हात टाकून सर्च केलं की निघतात.

सडाफूल:
केलं सर लगेच. माझ्या ज्या पेपरला ४ सायटेशन्स आहेत, त्यातल्या प्रजातीचं नाव १७ पेपरांत सापडलं. अजून दोन प्रजातींचं शोधायचं आहे, पण ते रविवारनंतर, उद्या पहाटे सड्यावर जायचंय, फुलं आली असतील.