सल्ला हवा: वीस वर्षांनी पुन्हा सुरुवात, जुन्या गेम सिरीजचे नवे भाग घ्यावेत का?

मानेवाडाकर
नमस्कार मंडळी. वय ४१, मुक्काम नागपूर. शाळेत असताना सक्करदऱ्याला एका गाळ्यात तीन टीव्ही मांडून चालणारं पार्लर होतं. तासाला दहा रुपये देऊन तिथे टेकन ३ खेळलो. पुढे मित्राच्या पीएस२ (प्लेस्टेशन २) वर गॉड ऑफ वॉर २, कॉम्प्युटरवर प्रिन्स ऑफ पर्शिया आणि एज ऑफ एम्पायर्स २. मग नोकरी, लग्न, विषय संपला.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाने बदली झाली म्हणून त्याचा पीएस४ स्वस्तात देऊन टाकला. बर्डीवरून पहिली डिस्क आणली ती अर्थातच गॉड ऑफ वॉर, २०१८ वाली. रात्री लेक (वय ११) झोपल्यावर लावली. नायक क्रेटॉसची दाढी पिकायला आलीय, ठीक आहे, माझीही आलीय. पण उडी मारायला एक्स दाबला तर बुवा बाजूला सरकला. परत दाबला, परत सरकला. चौकोन दाबून मारायला गेलो तर शेजारच्या पोराने बाण सोडला! दहा मिनिटं उडीचं बटण शोधलं, शेवटी सेटिंगमध्ये कळलं की उडीच काढून टाकलीय. कॅमेरा तर पार मानगुटीवर बसलेला. अर्ध्या तासात बंद केला.

आता प्रश्न असा की नाव तेच ठेवून आतलं सगळं बदललंय, तर या सिरीज पुढे खेळाव्यात, की गपगुमान जुन्यांचे रीमास्टर (तोच गेम, चित्र सुधारलेलं) घ्यावेत? रोज रात्री तासभर मिळतो. रविवारी लेकीबरोबर खेळता येईल असंही काही हवंय. घरी एक साधा लॅपटॉप आहे.

तर्री_जास्त
भाऊ, अर्ध्या तासात बंद? पोह्यावर तर्री पडायच्या आधीच प्लेट वापस केली तुम्ही. चार-पाच तास द्या त्याले. कुऱ्हाड फेका, ती दूर कुठं लाकडात रुतू द्या, अन् मंग त्रिकोण दाबा. हवेतून भिरभिरत येते अन् तळहातावर आपटते तवा कंट्रोलर हातात थरथरते. मी तं पयल्या दिवशी नुसतं तेच करून राहिलो होतो, बायको म्हणे हे काय चालू हाय. पुढं एक जागा येते, घरच्या फरशीखालून एक जुनी वस्तू निघते. काय ते सांगत नाई. तुम्ही दोन नंबर खेळलेले, तुमच्या अंगावर काटा येईन.

जुनं_ते_सोनं_८५
२००५ नंतर सगळा कचरा. मोस्ट वाँटेड तेव्हाचा, व्हाइस सिटी २००२ ची. जुना पीएस२ शोधा आणि सुखी व्हा.

निळी_मांजर
मानेवाडाकर दादा, तुमचं भांडण गेमशी नाहीये, अंगठ्याशी आहे. बोटांना पाठ झालेलं बदललं की डोकं म्हणतं हा तो गेमच नव्हे. ते दोन-तीन रात्रींत निवळतं. त्याच्याखाली काय उरलंय ते बघा.

रेसिडेंट ईव्हिल या भीतीच्या सिरीजचंच घ्या. १९९६ चा पहिला भाग: कॅमेरा भिंतीला खिळलेला, माणूस ट्रकसारखा वळणार, गोळ्या मोजून मिळणार आणि टाइपरायटरची रिबन असेल तरच सेव्ह होणार. २००५ च्या चौथ्याने कॅमेरा खांद्यामागे आणला आणि तो इतका जमला की पुढे निम्म्या कंपन्यांनी उचलला. त्याच उतारावरून धावत २०१२ चा सहावा आला. लिऑन आहे, क्रिस आहे, सगळी जुनी मंडळी हजर; पण गोळ्यांचा पाऊस, स्फोट, पळापळ. भीती वाटायला वेळच नाही. मग २०१७ चा सातवा. कॅमेरा थेट डोळ्यांत, नायक अनोळखी, लुईझियानातलं एक कुजकं घर. वरून बघितलं तर सगळ्यात मोठी उलथापालथ यातच. आणि खेळायला बसा, पाऊण तासात ओळख पटते. विचित्र किल्ल्यांचे दरवाजे, औषधाचा हिरवा पाला, खिशात जागा नाही म्हणून पेटीत ठेवलेल्या वस्तू, सेव्हच्या खोलीत शिरल्यावर सुटलेला श्वास. माझ्या मते घराणं सहाव्याने मोडलं आणि सातव्याने सांभाळलं. मित्रांशी यावर दोनदा भांडले आहे, तिसऱ्यांदा भांडायची तयारी आहे.

तुम्ही मात्र २०१९ च्या दुसऱ्या भागाच्या रीमेकपासून (नव्याने बनवलेल्या गेमपासून) सुरू करा. मूळ १९९८ चा. पोलीस स्टेशन तेच, कॅमेरा चौथ्यासारखा खांद्यामागे. त्यात हॅट घातलेला एक दांडगा मागे लागतो, मिस्टर एक्स. तो वरच्या मजल्यावर चालत असला तरी बुटांचा आवाज खाली येतो. मी घरातला पंखा बंद करून, हेडफोन लावून, एका खोलीत चार मिनिटं नुसती उभी होते. लेक जागी असताना हे लावू नका. खरं तर गॉड ऑफ वॉरही नको.

मानेवाडाकर
ताई, बरोबर. दोन्ही रात्री अकरानंतरच. पण मग रीमास्टर किंवा रीमेकवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? त्यात निदान अंगठ्याचा प्रश्न येणार नाही.

निळी_मांजर
तिथेच तर फसायला होतं. क्रॅश बँडिकूटचे पहिले तीन भाग २०१७ मध्ये नव्याने बनवले. लेव्हल त्याच, खोके त्याच जागी. पण उडी मारली की क्रॅश आधीपेक्षा लवकर खाली येतो, आणि कडेवर पाय पडला तर घसरतो. जुने खेळाडू पटापट दरीत पडायला लागले आणि त्यांना वाटलं आपलं वय झालं. शेवटी बनवणाऱ्यांनीच मान्य केलं की हो, फरक आहे. दिसायला हुबेहूब आणि हाताला परका, असंही होतं.

पुण्यात_अडकलेला_नागपुरी
प्रिन्सबद्दल मी सांगतो, कारण त्यात आमच्या पुण्याचाही थोडा हात आहे (‘आमच्या’ म्हटलं म्हणून नागपूरच्या महाल भागातले मित्र मला वाळीत टाकतील).

१९८९ चा मूळ प्रिन्स जॉर्डन मेकनरचा. त्याने धाकट्या भावाला धावायला, लटकायला, उड्या मारायला लावलं, ते चित्रित केलं आणि त्यावरून हालचाल काढली. म्हणून तो प्रिन्स माणसासारखा धावतो. बटण सोडलं तरी जागच्या जागी थांबत नाही, पाऊल पुढे पडतंच, आणि पुढे खाली खिळे! तुम्ही खेळलेला बहुतेक २००३ चा सँड्स ऑफ टाइम; खंजिराने वेळ मागे फिरवायची, भिंतीवरून धावायचं. त्याचा रीमेक पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. २०२० मध्ये जाहीर झाला, ट्रेलरमधल्या ग्राफिक्सवर लोक तुटून पडले, २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. त्याची वाट बघू नका.

घ्यायचा तर २०२४ चा द लॉस्ट क्राउन घ्या, पीएस४ वर चालतो. यात प्रिन्स नायकच नाही, सार्गोन नावाचा योद्धा आहे. जाहीर झाला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, हा कसला प्रिन्स म्हणून. पण कॅमेरा पुन्हा बाजूने, १९८९ सारखा. फिरते आरे, खिळे, हुकलेली उडी, सगळं मूळ घरचं. नवं काय, तर एक प्रचंड गुंतागुंतीचा नकाशा, आणि त्यात एक फार शहाणी सोय. वाटेत न उघडणारा दरवाजा दिसला की एक बटण दाबायचं, त्या जागेचा फोटो नकाशावर चिकटतो. तुमच्यासारख्या ‘रोज तासभर’वाल्या माणसाला हे वरदान आहे, कारण काल रात्री कुठे अडकलो होतो हे ४१ व्या वर्षी आठवत नाही. आवाज फारसी भाषेत ठेवता येतात, तसेच ठेवा.

इतका चांगला होऊनही अपेक्षेएवढा खपला नाही, आणि त्याच वर्षी ती टीम पांगवली. नवीन काही करत नाहीत म्हणून ओरडणारे आपणच, केलं की डिस्काउंटची वाट बघणारेही आपणच. मीही सेलमध्येच घेतला, खोटं कशाला बोलू.

लेकीसाठी लॉस्ट क्राउन बनवणाऱ्याच माँपेलिएच्या (फ्रान्स) स्टुडिओचा रेमन लेजंड्स. एका सोफ्यावर चौघं खेळू शकतात. ही सिरीज १९९५ मध्ये सपाट होती, १९९९ च्या दुसऱ्या भागात थ्रीडीत गेली, २०११ मध्ये परत सपाट झाली आणि तिथेच खरी रंगली. काही लेव्हलमध्ये गाण्याच्या ठोक्यावर उड्या माराव्या लागतात. त्यात पोरी बापांना हरवतात, तयारीत राहा.

वोलोलो_काका
लॅपटॉप आहे ना, मग एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन. फक्त आधी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तपासा, १९९९ चा गेम म्हणून कोणत्याही डब्यावर चालेल असं नाही. माझ्या पाहण्यात परंपरा सांभाळून नवं करण्याचं एवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही. तिसऱ्या भागात (२००५) मायदेशातून पत्त्यांवर (कार्डांवर) माल मागवायची भानगड आणली, आमच्या ग्रुपमधले निम्मे तिथेच गळाले. दुसऱ्याला मात्र २०१९ मध्ये नवं रूप दिलं आणि आतली गत तीच ठेवली. बदल केले ते नेमके दुखऱ्या जागी. आठवतं का, शेत संपलं की गावकरी कमरेवर हात ठेवून उभा, आपण लढाईत, आणि घरी अन्न शून्य? आता शेत आपोआप पुन्हा पेरलं जातं. घोडेस्वाराला नकाशा शोधायला सोडून देता येतं. २०२२ मध्ये भारतावरचा विस्तार आला: बंगाली, द्रविड, गुर्जर, आणि आधीच्या ‘इंडियन्स’चे झाले हिंदुस्तानी. मेंढ्या मात्र अजून तशाच चोरता येतात.

पोट्टा_दोन_नंबर
टेकनचं कोणीच नाई सांगून राहिलं! काका, आठवा भाग (२०२४) पीएस४ वर येतच नाई, दुकानदारानं गळ्यात मारला तं घेऊ नका. सातवा घ्या. अन् तुमच्या अंगठ्याची काळजी इथं बिलकुल नाई. चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, एक्स डावा पाय, गोल उजवा पाय. १९९४ पासून हेच हाय, आठव्यातही हेच. एडी नावाचा खेळाडू घेऊन नुसते एक्स अन् गोल हाणणारे पोट्टे तवाही होते, आताही हायेत, तवाही त्याइले शिव्या पडायच्या.

इतवारी_एक्सप्रेस
मला तर हे आपल्या नागपूरच्या मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्यांसारखं वाटतं. काळी आणि पिवळी दरवर्षी तीच, कोणी बदलायची भाषा केली तर महालात मार खाईल. आणि सोबतचे बडगे (टीकेचे पुतळे) दरवर्षी नवे, त्या-त्या वर्षी लोकांना जे डाचतंय त्याचे. ज्या सिरीजला आपली मारबत कोणती आणि बडग्या कोणता हे कळतं, ती टिकते.

तर्री_जास्त
मारबत शेवटी जाळतात ना बे.

इतवारी_एक्सप्रेस
हो, आणि पुढच्या वर्षी परत बनवतात. रीमेक.

वोलोलो_काका
विषय निघालाच आहे तर, सिव्हिलायझेशन हा गेम बनवणाऱ्यांकडे याचा हिशोबच आहे. नव्या भागात एक तृतीयांश जुनं तसंच, एक तृतीयांश सुधारलेलं, एक तृतीयांश कोरं. २०२५ च्या सातव्यात युग बदललं की आपली संस्कृतीच बदलायला लावली, आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी बोंब ठोकली. पाचव्यात (२०१०) नकाशावरच्या चौकोनांचे षटकोन केले तेव्हाही ठोकली होती. आज षटकोनांशिवाय आम्हाला करमत नाही. म्हणून सातव्याबद्दल मी सध्या तोंड बंद ठेवलंय.

निळी_मांजर
एक अवांतर पण महत्त्वाचं. मे महिन्यात पीएस४ कूलरच्या झोतात ठेवू नका. आपल्याला गार वाटतं, त्याच्या पोटात ओलावा जातो. माझा एक असाच गेला.

मानेवाडाकर
तीन आठवड्यांनी खबर देतो. ताई, कन्सोल कूलरसमोरून हलवला, धन्यवाद. अगदी तिथेच होता.

टेकन ७ आणला. शेजारच्या भावड्याला बोलावलं, जो १९९९ मध्येही मला हरवायचा. बोटांना सगळं आठवत होतं, त्याच्याही. ३-११ ने हरलो.

रेमन लेकीला इतका आवडला की मला आता ‘बाबा तुम्ही बुडबुडा होऊन मागे या’ अशी ऑर्डर असते. (मेल्यावर बुडबुडा होतो त्यात.) गाण्याच्या लेव्हलवर मी बहुतेक वेळ बुडबुडाच असतो. एज ऑफ एम्पायर्स लॅपटॉपवर रडतखडत चालला, छोट्या नकाशावर भागतंय.

गॉड ऑफ वॉर पुन्हा लावला. आठव्या-नवव्या रात्री लक्षात आलं की बराच वेळ एक्स उडीसाठी दाबलेलाच नाही. फरशीखालची वस्तू कालच निघाली. तर्री भाऊ, रात्री दीड वाजता एकटा उभा राहून टाळ्या वाजवल्या, बायको उठली.

लॉस्ट क्राउनची डिस्क बर्डीवर मिळेना. कोणाकडे खेळून झालेली असेल तर सांगा, बदल्यात टेकन सोडून काहीही देतो.