मदत हवी आहे : ‘द स्टार’ या टॅरो पानातील दुसऱ्या घड्याचा अर्थ

१९०९ साली प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट या टॅरोच्या (भविष्यकथनासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांच्या) संचातील, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेले ‘द स्टार’ हे १७ क्रमांकाचे पान माझे सर्वांत आवडते आहे. तरीही त्यातील एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. तळ्याकाठची विवस्त्र स्त्री डावा गुडघा जमिनीवर टेकून, उजवे पाऊल पाण्यावर ठेवून दोन घडे रिते करते आहे, आणि ते पाऊल पाण्यात बुडालेले दिसत नाही, हे मला फार विलक्षण वाटते. जमिनीवर सांडलेल्या पाण्याचे पाच ओहळ होतात. त्यांचा पंचेंद्रियांशी जोडला जाणारा अर्थ मला पटतो. पण दुसऱ्या घड्यातले पाणी ती पुन्हा तळ्यातच का ओतते? ‘द टॉवर’ या आधीच्या, १६ क्रमांकाच्या पानातील मनोऱ्याच्या पडझडीनंतर लगेच हे पान येत असल्यामुळे, सर्वस्व गमावलेल्या माणसाने हातचे काहीही राखून न ठेवता दिलेले दान, असा अर्थ मी लावत आले आहे, मात्र जिथे मुळातच पाणी आहे, तिथे ओतण्याला दान म्हणता येईल का? मागच्या झाडावरील पक्ष्याचा याच्याशी काही संबंध असेल का? आपण हे पान कसे वाचता, ते कृपया सविस्तर सांगावे.