गॅरेजात इंटरलॉकिंग टाईल्स: ओलीवर उपाय की ओलीवर पांघरूण?

चिरेबंदी (डिचोली)

घराला लागून दहा बाय अठराचं गॅरेज आहे. गाडी अंगणात असते. आत माझं सुतारकाम चालतं. टेबल सॉ, ड्रिल प्रेस, एक जड बाकडं, आणि शटरजवळ स्कूटरची किरकोळ खोलाखोली. जमीन साध्या कोब्याची, शटरकडे उतार दिलेली. मिरग लागला की कोबा काळवंडतो तो थेट दसऱ्यापर्यंत. मागे इपॉक्सी रंग मारून घेतला होता, तो पहिल्याच पावसाळ्यात पापडासारखा फुगून सुटला.

आता कडक पॉलिप्रॉपिलीनच्या, जाळीदार, एकमेकींत अडकणाऱ्या टाईल्स टाकायचं जवळजवळ ठरलंय. माझं म्हणणं असं की गोव्यात गॅरेजच्या जमिनीला काही चिकटवायला जाऊच नये. या टाईल्स नुसत्या मांडायच्या. गोंद नाही, सिमेंट नाही; पाऊस सरला की उचलायच्या, धुवायच्या, परत मांडायच्या. पाय कोरड्यावर राहतात, दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येत नाहीत, हातातून पटाशी निसटली तर धार वाचते. घरी आलेला गवंडी मात्र ऐकून हसला. विरोध असेल तर खुशाल करा, पण कारण सांगून करा.

कोबावाला (म्हापसा)

कारण सांगतो. तुमचा रंग खालच्या ओलीने सुटला. जुन्या गॅरेजांत दगडमातीच्या भरावावर थेट कोबा ओतलेला असतो, मध्ये प्लास्टिक नसतं. पावसात भराव भिजतो, वाफ वर चढते आणि वाटेत येईल त्याला ढकलते. टाईल टाकून ती ओल जाणार आहे का? ती फक्त तुम्हाला दिसेनाशी होणार. मी घरांची कामं घेतो. न दिसणारी ओल दिसणाऱ्या ओलीपेक्षा कायम महाग पडते. असलेल्या कोब्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, वर दोन इंच नवीन काँक्रीट, चौकोन पाडून, सात दिवस पाणी मारून. विषय संपला.

रंधा (माशेल)

इतक्यात कुठे संपतो! दोन इंच जमीन वर आली की शटर टेकणार कुठे? शटर कापायचं, नाहीतर दारात पायरी. शिवाय प्लास्टिकवर सुटा बसलेला दोन इंची थर सुकताना कडांना वर उचलला जातो आणि मग मधूनच तडकतो. तुम्हीच तुमच्या गिऱ्हाईकांना हे सांगत असाल की. आणि तोवर मशिनं, लाकूड, बाकडं ठेवायचं कुठे, शेजाऱ्याच्या पोरसात?

माझ्याकडे अशाच टाईल्स आहेत. पावसाळ्यात खालचा कोबा ओला असतो, मी मात्र कोरड्यावर उभा असतो. मला जमिनीकडून एवढंच हवं आहे. भुसा भोकांतून खाली जातो हे खरं, पण करवतीला व्हॅक्यूम जोडला की बराचसा वरच्या वर ओढला जातो.

सत्तरीची_सून (वाळपई)

आमच्या दिरांकडेही व्हॅक्यूम आहे. श्रावणात त्यांच्या गॅरेजातली एक टाईल मी स्क्रूड्रायव्हर घालून उचलली. खाली भुसा, ऑइल आणि पाणी यांचा काळा राड, त्यावर बुरशीची पांढरी जाळी, गंजून जमिनीला चिकटलेले स्क्रू, आणि टाईलच्या पायांमधून सुळकन पलीकडे गेलेली बोटभर लांब गोम. तिला मारायचं तर अख्खी रांग उचलावी लागली असती. दिवसभर त्यावर चपला काढून वावरणाऱ्या दिरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

टाईलखाली दीडेक सेंटिमीटर पोकळी राहते. तिच्यातून हवा खेळते असं विकणारे सांगतात. हवा खेळते तिथे बाकीचेही खेळतात. आणि उतार असला तरी कोब्यात कुठेतरी खळगा असतोच. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडण्याइतका मोठा होतो. तुम्ही टाईल्स वर्षातून एकदा उचलणार. हिशेब तुम्हीच करा, दादा.

चिरेबंदी

वहिनी, गोमेचा मुद्दा मान्य, ती आत्ताही येतेच. मग जाळीदारऐवजी बंद पाठीच्या घेतल्या तर?

सत्तरीची_सून

मग भुसा खाली जाणार नाही, पण पाणी सांध्यांतून जाईल आणि वाळणार मात्र नाही.

बुलेटकाका (वास्को)

माझं मत तिसरंच. कडक प्लास्टिकच्या टाईल्सवर चालताना खटखट आवाज येतो, कारण कोबा कधीच सपाट नसतो आणि टाईल खळग्यावर अधांतरी राहते. मऊ पीव्हीसीच्या घ्या, पाच ते सात मिलिमीटर जाडीच्या, कडेला दात असलेल्या. रबरी हातोड्याने ठोकल्या की घट्ट बसतात, कटरने कापता येतात, जमिनीच्या चढउताराला धरून राहतात. मशीनची छोटी चाकंही अडकत नाहीत. जाळीदार टाईलवर टेबल सॉ ढकलून बघा, प्रत्येक भोकाशी भांडण.

दोन तोटे प्रामाणिकपणे सांगतो. गाडी एका जागी उभी राहिली की टायरच्या रबरातली द्रव्यं पीव्हीसीत उतरतात आणि तपकिरी डाग पडतो. तो साबणाने जात नाही, कशानेच जात नाही. आणि पॉलिशवाल्यांचा थिनर सांडला तर पीव्हीसी मऊ पडतं.

रंधा

काका, गॅरेजात थिनर सांडत नाही असा सुतार दाखवा, मी त्याला नारळ देतो.

ठिणगी (कुंडई)

कारखान्यात जमिनी बघण्यात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. इथे सगळे पाण्यावर अडकलेत, आगीवर कोणीच बोलत नाही. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं. वेल्डिंगचा थेंब पडला की टाईलला खड्डा, त्याहून वाईट म्हणजे तो थेंब जाळीतून खाली सुक्या भुशात जाऊन बसतो. मार्च-एप्रिलमध्ये तो भुसा कुडकुडीत असतो. आधी धुमसतो, ज्वाळा मागाहून. तुम्ही तोवर शटर ओढून जेवायला गेलेले असता. पीव्हीसी जळलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, तो छातीला लागतो आणि आसपासच्या हत्यारांवर गंज चढवतो.

स्कूटर खोलताना ग्राइंडर चालवताच ना? मग तेवढ्या कोपऱ्यात टाईल नकोच. उघडा कोबा ठेवा. वरून पत्रा टाकून वेल्डिंग करू असं ज्याला त्याला वाटतं. ठिणग्या पत्र्याच्या कडेबाहेरच उडतात.

माडाखाली (काणकोण)

शहाबादी फरशी घाला नि सुटा. गंजत नाही, जळत नाही, पटाशी पडली तर पटाशीला पुन्हा धार काढा. आमच्या आज्याच्या वेळेपासून तीच आहे.

कोबावाला

शहाबादी चालेल. पण आधी एक तपासणी करा, फुकटातली. दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी टेपने बंद करा, दिवसभर ठेवा. एक तुकडा शटरजवळ, एक मधे, एक मागच्या भिंतीशी. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी धरलं तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला धरलं तर हवेतून. आत्ता पाऊस आहे तोवर करा. उन्हाळ्यात केलीत तर सगळं कोरडं दिसेल आणि टाईलवाला खूश होईल.

आणि मागच्या भिंतीबाहेर जमीन आतल्या कोब्यापेक्षा वर आहे की खाली, तेही बघून सांगा.

चिरेबंदी

केली तपासणी. मागच्या भिंतीशी लावलेला तुकडा खालून थेंबांनी भरलाय, कोबा तिथे काळा. मधला आणि शटरजवळचा खालून कोरडा, वरून मात्र ओलसर, बोट फिरवलं तर रेघ उठते. भिंत जांभ्या चिऱ्याची, आतून गिलावा आहे, बाहेरून नाही. बाहेर माती आतल्यापेक्षा चांगली वीतभर वर आली आहे, आणि कौलांच्या पागोळ्या नेमक्या तिथेच पडतात. पन्हळ कधी नव्हतीच.

कोबावाला

मग आता तरी पटलं? चिरा पाणी पितो आणि आत आणून सोडतो. माती खाली उतरवा, छपराला पन्हळ लावा, तळाशी उताराचं गटार काढा. वर्षाला शंभर इंच नि वर पडणारा पाऊस भिंतीच्या पायाशी ओतायचा आणि आत जमिनीला टाईल शोधायची, याला काय म्हणावं?

रंधा

माती, पन्हळ मान्य, शंभर टक्के. पण बाब, तुमच्याच तपासणीने तुमचा दोन इंची कोबाही बाद केला, ते का बोलत नाही? पुढच्या दोन तृतीयांश भागात ओल हवेतून येते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २७ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. जमिनीला टेकलेला कोबा सावलीत तेवढा गार असतोच. खाली प्लास्टिक घाला, सोनं घाला, वरून येणारं दव थांबत नाही. तुमचा नवा कोबाही घामेजणार. शहाबादी तर आणखी, माडाखालीबाब.

आणि रंध्याच्या तळाला गंज येतो तो याच हवेने. जमीन कुठलीही केलीत तरी येतो.

कोबावाला

घामेजेल, पण घामेजलेला कोबा फडक्याने पुसता येतो, पंखा लावला की वाळतो. टाईलखाली तेच दव धरणार, तिथे फडकं जात नाही की पंखा पोचत नाही. वहिनींनी पाहिलेला राड पुन्हा तयार. ओल कुठून आली हे बदललं, माझं म्हणणं बदललेलं नाही.

बुलेटकाका

एक फायदा सगळे विसरलात. ओल्या कोब्यावर उभं राहून ड्रिल चालवण्यापेक्षा प्लास्टिकवर उभं राहिलेलं बरं, शॉक लागत नाही.

ठिणगी

काका, कृपा करून असं लिहू नका, कोणीतरी विश्वास ठेवील. टाईल ओली, वर भुशाचा ओला थर, एक हात लोखंडी मशीनवर. करंटला तेवढं पुरतं. गॅरेजच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, हे जमिनीच्या आधी. त्याचं ते टेस्टचं बटण मधूनमधून दाबत जा.

चिरेबंदी

करंटचं आजच बघतो. बाकी ठरतंय ते असं: पावसाने उघडीप दिली की मागची माती आणि पन्हळ. टाईल्स पूर्ण जमिनीला नकोत. बाकड्यापुढे आणि टेबल सॉच्या भोवती, जिथे मी उभा राहतो तेवढाच पट्टा. शटरजवळचा कोपरा उघडा, ग्राइंडर आणि स्कूटर तिथे. मागच्या भिंतीपासून तीन फूट मोकळं, म्हणजे तिथलं काळं पडणं मला दिसत राहील. पट्टा लहान असल्याने दर रविवारी उचलून झाडता येईल. जाळीदारच घेतो, थिनर सांडणार हे नक्की.

रंधा

उत्तम. दोन गोष्टी लक्षात ठेव. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने वाढतं, एका अंशाला मीटरमागे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. अख्ख्या अठरा फुटांना सकाळ-दुपारच्या १५ अंशांच्या फरकाने ८ ते १२ मिलिमीटर झाले असते. तुझा पट्टा लहान, तरी जिथे भिंतीला किंवा खांबाला भिडेल तिथे बोटभर फट सोड, नाहीतर दुपारी मधे फुगवटा येईल आणि तू टाईलला शिव्या देशील. दुसरं, कापताना जिगसॉला मोठ्या दातांचं पातं लाव आणि वेग कमी ठेव. जोरात चालवलास तर प्लास्टिक वितळून कापलेली चीर मागच्या मागे सांधली जाते.

बुलेटकाका

ड्रिल प्रेसच्या पायाखाली मात्र टाईल ठेवू नकोस. जड मशीन एका बाजूला दाबून बसलं की पट्टा सरकायला मोकळा राहत नाही. आणि टाईलवर कधी स्कूटर घेतलीसच तर स्टँडखाली १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा.

कोबावाला

पट्ट्याला माझी हरकत नाही, तो पायपुसणंच झाला. पण पन्हळ आणि माती टाईल्सचे पैसे देण्याआधी. नाहीतर टाईल्स येतील, गॅरेज छान दिसेल आणि माती पुढच्या आगोटीपर्यंत तिथेच राहील. दर खेपेला हेच होतं.

सत्तरीची_सून

रविवारी उचलायच्या म्हणताय, तर पट्टा बाकड्याच्या खाली सरकवून मांडू नका. निदान एक कड पूर्ण सुटी ठेवा आणि तिथून उचलायला सुरुवात करा. मधली एकच टाईल उपटून काढायला गेलात तर तिचे हुक तुटतात. दिरांच्या चारही बाजू भिंतीला आणि बाकड्याला भिडलेल्या आहेत, म्हणून ते उचलत नाहीत. आळशी नाहीत ते.

चिरेबंदी

शटरकडची कड सुटी ठेवतो, उतारही तिकडेच आहे. पन्हळवाल्याला फोन केलाय, चवथ झाल्यावर येतो म्हणाला.

कोबावाला

कुठल्या वर्षीची चवथ, तेही विचारून घ्या.