रायझन ५ ५६००एक्स आणि डीडीआर४ मेमरी: ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवणे) कुठपर्यंत सुरक्षित?

प्रश्न
नमस्कार. माझ्या डेस्कटॉपमध्ये एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ३२०० वेगाच्या, सीएल१६ टायमिंगच्या (टायमिंग म्हणजे मेमरीच्या प्रतिसादाला लागणारा विलंब) दोन रॅम स्टिक आहेत. सोबत आलेला कूलर काढून टॉवर कूलर बसवला आहे. व्हिडिओ रेंडरिंगचा वेळ वाचावा म्हणून प्रोसेसरचे सर्व कोर (आतील स्वतंत्र गणन-भाग) १.३५ व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला स्थिर ठेवावेत आणि मेमरी ३६०० वर न्यावी, असा विचार आहे. मात्र नागपुरात मे महिन्यात माझी खोली ४० अंशांपर्यंत तापते आणि कामाच्या सगळ्या फायली याच संगणकावर आहेत. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर १
सर्व कोर एकाच वेगाला बांधून ठेवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. हा प्रोसेसर हलक्या कामात स्वतःहूनच ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे तिथे आपल्या हाती काहीच लागणार नाही. उलट सर्व कोर राबत असताना तो व्होल्टेज आपणहून खाली आणतो, ती सोय स्थिर व्होल्टेजमुळे जाते. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२५ ऐवजी १.३५ व्होल्ट दिले, तर वेग तोच असतानाही वीज सुमारे १७ टक्के अधिक लागते आणि तेवढी उष्णता कूलरला बाहेर टाकावी लागते.

त्याऐवजी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह ही एएमडीची वेगवाढीची सोय सुरू करून, प्रत्येक कोरचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोरला उणे १० द्यावे. त्याच वेगाला कमी व्होल्टेज लागल्यामुळे जी मोकळीक मिळते, ती प्रोसेसर स्वतःच वेग वाढवण्यासाठी वापरतो. याची तापमानमर्यादा ९५ अंश आहे. २५ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जाईल, म्हणून हिवाळ्यातील चाचणीवर उन्हाळ्याचा भरवसा ठेवू नये. हा पर्याय अधिकृत असला, तरी त्यामुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात असावे.

उत्तर २
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण मेमरीचे काम आधी उरकावे आणि ते होईपर्यंत प्रोसेसर मूळ सेटिंगवरच राहू द्यावा. दोन्ही एकदम बदलल्यास दोष कोणाचा, हे शोधणे फार कठीण जाते.

एएमडीने या प्रोसेसरसाठी मेमरीचा अधिकृत वेग ३२०० इतकाच दिला आहे. ३६०० वर मेमरीचे प्रत्यक्ष घड्याळ १८०० मेगाहर्ट्झने चालते, म्हणून इन्फिनिटी फॅब्रिकही (प्रोसेसरचे आतील भाग जोडणारा दुवा) १८०० वरच ठेवावे. ही जोडी तुटली, तर विलंब वाढून कमावलेला वेग वाया जातो. मेमरीचे व्होल्टेज १.३५ वरच ठेवून टायमिंग सैल करावे, म्हणजे त्याचे आकडे वाढवावे (१८-२२-२२-४२ पासून आरंभ करता येईल) आणि ३३३३, ३४६६, ३६०० असे टप्प्याटप्प्याने वर जावे.

प्रत्येक टप्प्यावर विंडोज सुरू करण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. एकही त्रुटी चालवून घेऊ नये. या प्रकारात प्रोसेसर जळण्यापेक्षा मला मेमरीच्या मूक चुकीची भीती अधिक वाटते, कारण संगणक व्यवस्थित चालू दिसतो आणि कॉपी होणारी फाईल मात्र आतून बिघडत जाते. त्यामुळे चाचण्या संपेपर्यंत कामाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. सीमॉस क्लिअर करण्याचा (म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणण्याचा) जंपर मदरबोर्डवर कुठे आहे, तेही आधीच पाहून ठेवावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मेमरी ३६०० वर त्रुटीविना चालली. त्यानंतर सर्व कोरना उणे २० दिले. सिनेबेंच ही प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी पूर्ण होते, पण संगणक रिकामा असताना अचानक रीस्टार्ट होतो.

उत्तर १
कर्व्ह ऑप्टिमायझरचा दोष बहुधा असाच प्रकट होतो. सिनेबेंचमध्ये सर्व कोर राबत असल्यामुळे वेग आटोक्यात राहतो. हलक्या कामात मात्र एखादाच कोर सर्वोच्च वेगाला जातो आणि तिथे व्होल्टेज अपुरे पडते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची (हार्डवेअरच्या त्रुटी नोंदवणारा भाग) १८ क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यातील एपीआयसी आयडी या क्रमांकावरून कोणता कोर अडखळला, याचा अंदाज येतो. त्या कोरचे मूल्य उणे १५ करून कोअरसायकलर या चाचणी प्रोग्रॅमने एकेक कोर स्वतंत्रपणे तपासावा. सर्वांत वेगवान कोरचे व्होल्टेज सहसा थोडेच कमी करता येते, त्यामुळे एखादा कोर उणे ५ वर थांबला, तरी त्याला तिथेच राहू द्यावे.