सबटायटल्स बोलण्याच्या पुढे पळतात : मदत हवी आहे

नमस्कार. ७५ मिनिटांच्या एका मराठी माहितीपटासाठी मी मराठीतूनच सबटायटल्स तयार करत आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही तो पाहता यावा, हा हेतू आहे. संकलकाने दिलेल्या प्रतीवर कोपऱ्यात टाइमकोड (तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम म्हणजे सुट्या चित्राचा क्रमांक) उमटलेला होता. त्यावरून प्रत्येक वाक्याची सुरुवात आणि शेवट टिपून, फ्रेम्सचे मिलिसेकंद करून मी एसआरटी फाइल (सबटायटल्सचा मजकूर आणि त्यांच्या वेळा असलेली साधी फाइल) बनवली. पहिले वाक्य ओठांशी नेमके जुळते. निम्म्यापर्यंत पोहोचेतो मात्र मजकूर सव्वादोन सेकंद आधी येऊ लागतो आणि अखेरच्या मुलाखतीत हे अंतर साडेचार सेकंदांवर जाते, त्यामुळे प्रश्न विचारून व्हायच्या आतच उत्तर पडद्यावर झळकते. सगळी फाइल पुढे ढकलली की शेवट जुळतो, पण सुरुवात बिघडते. चित्रफीत सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सची असून अंतिम प्रतीची लांबी संकलकाच्या प्रतीइतकीच आहे.

दुसरी अडचण एका शेतकरी आजींच्या बोलण्याची आहे. "पेरणी केली, खत घातलं, आन् पाऊस" एवढे बोलून त्या तीनेक सेकंद थांबतात आणि मग "आलाच न्हाई" म्हणतात. सगळे वाक्य एकदम दाखवले तर पुढचे आधीच फुटते. तोडले तर दुसरा तुकडा वाचायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
आपण दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. तासाला ३.६ सेकंद, म्हणजे हजारात एक, एवढा फरक सतत वाढत असेल तर २४ आणि २३.९७६ यांची गल्लत झाली असे खुशाल समजावे. २३.९७६ चा टाइमकोड २४ फ्रेम्स मोजून एक सेकंद पुढे सरकतो, पण त्या २४ फ्रेम्स दाखवायला घड्याळाप्रमाणे १.००१ सेकंद लागतो. एसआरटी मात्र घड्याळाची वेळ पाळते. त्यामुळे सर्व वेळांना १.००१ ने गुणावे. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम्स) बदलण्याची सोय आहे, तिथे २४ वरून २३.९७६ असे निवडले की हेच होते. संकलकाचा टाइमकोड एका तासापासून सुरू होत असेल, तर तो तास आधी वजा करून मग गुणावे. क्रम उलटला तर सुरुवातच ३.६ सेकंद चुकते. गुणाकारानंतर शेवटची मुलाखत जरूर तपासावी, कारण मधले वाक्य जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही.

प्रतिसाद २
आजींचे वाक्य तोडाच. बोलणे संपताक्षणी मजकूर काढायलाच हवा, असे कुठे आहे? नेटफ्लिक्सच्या नियमावलीतही एक सबटायटल किमान ५/६ सेकंद ठेवायला सांगितले आहे. "आलाच न्हाई" हे ध्वनिलहरीच्या आलेखात शब्द जिथे उठतो तिथेच आणावे (त्याआधीचा श्वासाचा लहानसा उंचवटा शब्द समजू नये) आणि नंतरच्या शांततेत सेकंदभर राहू द्यावे. पहिला तुकडा तीन टिंबांसह, त्या थांबण्यातही, दुसरा येण्याच्या दोन फ्रेम्स आधीपर्यंत पडद्यावर ठेवावा, असे माझे मत आहे. काहीजण तो लगेच काढतात. पण ज्याला आवाज ऐकू येत नाही, त्याला रिकाम्या पडद्यावरून वाक्य संपल्याचा समज होतो.